डाव्या बाजूची दोरी

खरं सांगायचं तर खुर्ची ही आपल्या माणसांची वस्तूच नव्हे. आपण मांडी घालून बसणार, नाहीतर उकिडवे. खुर्ची असायची तलाठ्याची, हेडमास्तरची, फार तर लग्नात व्याह्याची. बाकीच्यांनी सतरंजीवर टेकायचं. जवानीत त्याचं काही वाटत नाही. पण साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले की खाली बसलेला माणूस उठणार कसा, याचा विचार कुणी केलेला नव्हता. मग त्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. हलक्या आहेत, धुता येतात, एकात एक बसतात, सगळं कबूल. पण म्हाताऱ्या बाईनं बसावं तर पाय लोंबतात आणि उठावं तर खुर्ची मागं सटकते. ज्यानं ती काढली त्यानं जन्मात म्हातारं माणूस बघितलं नसावं.

याच्यावर इलाज निघाला तो वाटूर फाट्यावर. एकाच लोखंडी गजाची, कुठंही जोड नसलेली बुटकी खुर्ची. तिचे दोन्ही हात पुढं जरा लांब काढलेले, म्हणजे उठताना त्यांच्यावर भार देता येतो. बैठक नायलॉनच्या दोरीनं विणलेली, बाजेसारखी. आणि बाजेला जशी पायथ्याकडं वीतभर जागा मोकळी सोडून तिथं ताणाची दोरी ओवतात, तशी या खुर्चीलाही पुढच्या कडेला ओवलेली. वापरून वापरून विणकाम सैल पडलं, बसल्यावर बूड खाली जायला लागलं, की डाव्या हाताशी लोंबणारं दोरीचं टोक ओढायचं, गजाच्या वळलेल्या टोकाला अडकवायचं. बैठक ताठ! मिस्त्री नको, विणणारा नको. बसल्या जागी आपलं आपण.

ही खुर्ची मंठ्यात आहे, परतुरात आहे, नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीच्या हापिसात तर तीस आहेत. भोकरदनच्या बाजारात लोक दुकानदाराला नाव घेऊन विचारतात, "राधाकिसनची खुर्ची हाय का?"

आता गज राधाकिसननं वाकवला, हे शंभर टक्के खरं. त्याचं श्रेय त्याच्याकडून कुणी काढून घेत नाही. पण ही हकिकत त्याच्या बायकोची आहे, इंद्रायणीची, आणि तिला काय पाहिजे होतं ते आधीच सांगून टाकतो. तिला एक ओळ पाहिजे होती. छापलेली. बस्स, एवढंच.

इंद्रायणी भोकरदनकडची. तिचा बाप गावोगाव फिरून बाजा विणून द्यायचा. सायकलच्या मागं दोरीची बंडलं बांधायची, गल्लीत शिरून आरोळी द्यायची, ज्यानं हाक मारली त्याच्या अंगणात बसायचं. इंद्रायणी त्याच्यासमोर बसून बघत बघतच शिकली. तिच्या बापाचं एक होतं. बाज विणून झाली की घरातल्या बाईला बोलवायचा आणि ताणाची दोरी तिच्याकडून ओढून घ्यायचा. "विणणं माझं, ताणणं तुमचं," म्हणायचा. "दर महिन्याला मला हाक मारत बसू नका."

लग्न होऊन ती वाटूरला आली ती रखमाजीच्या घरात. हे कुटुंब पूर्वीचं मेंढरांमागं हिंडणारं. रखमाजीनं मेंढरं विकून दोन एकर घेतली आणि चार वर्षांत डोळे मिटले. मागं राहिली त्याची बायको गोजरबाई आणि एकुलता एक मुलगा राधाकिसन. दोन एकरांत तिघांचं काय भागणार? राधाकिसन जालन्याला एका रोलिंग मिलमध्ये लागला. पंधरा दिवसांनी घरी यायचा, एक दिवस राहायचा, जायचा.

म्हणजे घरात राहिल्या सासू आणि सून. आणि सासू कसली! इंद्रायणी तिला रीतीप्रमाणं आत्या म्हणायची. आत्या तिला "बाजवाल्याची पोर" म्हणायची. भाकरी जाड झाली, बाजवाल्याची पोर. पाणी सांडलं, बाजवाल्याची पोर. दोघींचं एक दिवस धड गेलं असेल तर शपथ. आणि मग एका सकाळी गोजरबाई चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडली. उजवं अंग गेलं. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. बाई बावन्न-त्रेपन्नची असेल.

राधाकिसन मिलमधून आला, आईला तसं बघून दारातच खाली बसला. चार दिवस राहिला. त्या चार दिवसांत त्यानं ती खुर्ची केली. वेल्डिंगचं मशीन नव्हतं, म्हणून जोडच नको. मिलमध्ये तापलेला गज वळताना रोज बघत होता, म्हणून वाकवायची नजर होती. कडुलिंबाच्या बेचक्यात गज अडकवून, दोन माणसं लावून, त्यानं तो थंडच वाकवला. पुढं ज्या खुर्चीनं त्याचं नाव झालं ती ही अशी जन्मली. बैठक इंद्रायणीनं विणली. पाचव्या दिवशी तो जालन्याला गेला, कारण हजेरी कापली जात होती.

आता नवी दोरी ती. आठ दिवसांत सैल पडली. गोजरबाई त्या झोळीत रुतून बसायची, उठता येईना. मग इंद्रायणीनं बैठक उसवली, पुढून वीतभर जागा मोकळी सोडून पुन्हा विणली आणि बापासारखी ताणाची दोरी ओवली. त्या वर्षी दिवाळीत मिलला सुट्टी नव्हती. राधाकिसन दोन महिन्यांनी आला, खुर्ची बघितली, म्हणाला, "वा! हे ब्येस हाय." आणि आंघोळीला गेला.

एवढंच. त्याच्यावर अधिक चर्चा झाली नाही.

चार वर्षांनी गोजरबाई गेली. राधाकिसननं मिल सोडली, फाट्यावर पत्र्याचं शेड टाकलं. तिच्या दहाव्या-तेराव्याला आलेले लोक त्या खुर्चीकडं बघून गेले होते, त्यातल्या दोघांनी तसलीच मागितली. दोनाच्या वीस झाल्या. तो गज वाकवायचा, ती विणायची. नंतर गावातली साधना आणि आणखी तिघीजणी विणायला यायला लागल्या, आणि इंद्रायणीनं त्यांना शिकवलं. गिऱ्हाईक आलं की राधाकिसन सांगायचा, "मी म्हणलं, बाजेला ताण असतो तर खुर्चीला का नको?" पहिल्यांदा त्यानं हे म्हटलं तेव्हा इंद्रायणीनं मान वर करून बघितलं. दहाव्यांदा बघितलं नाही. त्याला लबाड म्हणू नका हं. त्यानं काही चोरलं नव्हतं. लोणचं मुरतं तसं ते त्याच्यात मुरलं होतं, आता फोड कोणती आणि खार कोणता ते त्याला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

एकदाच ती बोलली होती. शेडमध्ये त्याचे दोन मित्र बसले होते, चहा देताना ती सहज म्हणाली, "ताणाची दोरी मी लावली ना पहिल्यांदा." राधाकिसन मोठ्यानं हसला. "ऐका! आता खुर्ची हिनंच काढली म्हणा की!" मित्रही हसले. त्याच्या मनात काही काळं नव्हतं, तो चेष्टेनंच म्हणाला. पण ती कपबशा घेऊन आत गेली ती या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही असं ठरवूनच. असली चेष्टा बाईच्या किती खोल जाते हे पुरुषाला कळत असतं, तर काय पाहिजे होतं!

अशी बावीस वर्षं गेली.

यंदा काय झालं, त्यांची मुलगी प्रांजली संभाजीनगरात इंटिरियरचा कोर्स करून एका मोठ्या फर्निचरवाल्याकडं लागली. कल्याणशेठ त्यांचं नाव. त्यांच्या शोरूममध्ये इटलीचा माल. प्रांजलीनं बापाच्या खुर्चीचा फोटो दाखवला, शेठ उडालेच. म्हणाले, माझ्याकडं ठेवतो, पण सोबत इतिहास पाहिजे. आणि त्यांनी तिच्या हातात एका इटालियन कंपनीचा जाडजूड कॅटलॉग दिला. "हे बघ. पहिली बारा पानं खुर्चीचं नाव नाही, नुसता इतिहास. हे लोक इतिहास विकतात, खुर्ची वरून देतात. तुझ्या वडलांचा असा चार पानी काढू."

प्रांजली तो कॅटलॉग घेऊन घरी आली आणि अंगणात बसून बापाला मराठीत सांगायला लागली. इटलीतल्या कुठल्याशा गावाबाहेर एक माणूस बैलगाडीसारख्या गाड्यांची चाकं दुरुस्त करायचा. मोटारी आल्या, चाकांचं काम बसलं. मग त्यानं सायकलीचा पाइप वाकवून खुर्ची केली. गाव हसलं, म्हणालं हा काय दवाखान्याचा पलंग आहे? तर खरंच एका दवाखान्यानं त्याच्या साठ खुर्च्या घेतल्या.

"मंग?" राधाकिसन पुढं सरकला.

"मग युद्ध झालं, शेड जळालं. त्यानं पुन्हा उभं केलं. मुलांनी कारखाना वाढवला. आता जगभर जातात."

"बघ! त्याचंबी दुकान गावाबाहीरच हुतं. त्यालाबी लोक हसलेच." राधाकिसनला तो इटलीचा बाबा भावकीतलाच वाटायला लागला. रोज जेवताना विचारायचा, "त्याला पाइप कुठून मिळायचा गं? त्यो बी थंडच वाकवायचा का?" प्रांजलीला कॅटलॉगात नसलेलं कुठून माहीत असणार?

इंद्रायणी विणता विणता ऐकायची. एका पानावर जुना फोटो होता. शेडपुढं तो माणूस ऐटीत उभा, एक हात खुर्चीवर. आणि मागं दाराच्या चौकटीत एक बाई, कमरेला फडकं गुंडाळलेली, अर्धी फोटोच्या बाहेर गेलेली.

"ही कोण?" तिनं विचारलं.

प्रांजलीनं खालचं वाचलं, पान उलटलं, पुन्हा मागं आली. "लिहिलं नाही गं काही."

"बारा पानांत न्हाई?"

"नाही."

इंद्रायणीनं ते पान बराच वेळ बघितलं. तिला त्या बाईचा राग आला, उगीच. म्हटलं, एक पाऊल पुढं यायला काय झालं होतं हिला? आणि मग आपलाच राग आला. त्या दिवसापासून तिच्या मनानं घेतलं की या चार पानांत एक ओळ आपली पाहिजे. ताणाची दोरी इंद्रायणीनं लावली, इतकीच. मोठा फोटो नको, हार नको. पण ही पानं छापली गेली की संपलं. छापलेलं कोण खोडणार? लोकांची तोंडं बदलता येतात एकवेळ, छापील कागद नाही. राधाकिसनच्या मागं पोरीबाळी तेच वाचणार आणि तेच खरं म्हणणार.

पण सांगायचं कसं? प्रांजली वहीत लिहून घेत होती, बाप सांगत होता. मिल सांगितली, कडुलिंबाचं बेचकं सांगितलं, आणि मग आलंच, "तवा मी म्हणलं, बाजेला ताण असतो तर..." इंद्रायणीच्या हातातली दोरी थांबली. बोल की, ती स्वतःला म्हणाली. बोल बये, आता नाही तर कधी? आणि तोंड उघडेना. ते दोन मित्रांचं हसणं आठवलं. प्रांजलीनं लिहिलं, ओळ पूर्ण केली, खाली रेघ मारली.

त्या संध्याकाळी इंद्रायणी कुणाशी धड बोलली नाही. भाजीत मीठ दुप्पट पडलं. राधाकिसन म्हणाला, "आज काय बिनसलं गं तुझं?" तर म्हणाली, "काय न्हाई."

गुरुवारी कल्याणशेठ स्वतः आले. गाडी शेडपुढं लावली, हातपाय धुतले, साधनानं केलेला चहा घेतला. चांगला माणूस, तोरा नाही. खुर्चीत बसून बघितलं, उठून बघितलं, उलटी करून खालून बघितलं. प्रांजलीनं चार पानं वाचून दाखवली. शेठ मान डोलवत होते. वाचून झालं तसे म्हणाले, "झकास. आता राधाकिसनराव, ती ताणायची गंमत मला तुम्ही करून दाखवा. आपण तिचा व्हिडिओ घेऊ. ज्यानं काढली त्याच्याच हातानं."

राधाकिसन ऐटीत बसला. मिशीवरून हात फिरवला. प्रांजलीनं मोबाइल धरला.

आता हे ऐका. बावीस वर्षांत या माणसानं हजारो गज वाकवले असतील, पण ती दोरी एकदाही ओढली नव्हती. कामच पडलं नव्हतं! खुर्ची शेडबाहेर पडायची ती इंद्रायणीनं नाहीतर साधनानं ताणून. गिऱ्हाइकाला दाखवायच्या त्याही बायकाच. घरातली त्याची स्वतःची खुर्ची सैल पडली की सकाळपर्यंत आपोआप ताठ झालेली असायची. आपोआप म्हणजे काय ते तुम्हाला कळलं. बघितलं मात्र रोज होतं, आणि रोज बघितलेली गोष्ट आपल्याला येतेच असं माणसाला वाटतं.

त्यानं उजवा हात अंगावरून आडवा नेला, दोरीचं टोक धरलं आणि ओढलं. बैठक ताणली जाण्याऐवजी दोरी एका बाजूला गोळा झाली. त्यानं डावा हातही लावला, टोक फिरवून अडकवलं. सुरगाठीची निरगाठ झाली. सोडवायला गेला तर आणखी आवळली. बैठक भसकन खाली गेली आणि राधाकिसन, घरचा धनी, गुडघे वर करून झोळीत बसल्यासारखा बसला.

साधनाला हसू आलं, तिनं पदर तोंडात धरला. प्रांजलीनं मोबाइल हळूच खाली केला. राधाकिसनचा चेहरा घामानं डबडबला. "दोरी नवी हाय," तो म्हणाला. "नव्या दोरीचं असंच."

कल्याणशेठनी सांभाळून घेतलं. "अहो, होतं. आणि माझंही तेच म्हणणं आहे, ही दोरी डावीकडं का? सगळे लोक उजव्या हाताचे. उजवीकडं घेऊन टाका, म्हणजे असा आडवा हात न्यायला नको. डावीकडंच असायचं काही खास कारण आहे का?"

राधाकिसननं वर बघितलं, खाली बघितलं. कारण त्याला माहीतच नव्हतं. "कारण कशाचं? तवा तसं केल्तं. घिऊ की उजवीकडं. बिलकुल घिऊ, काय त्यात!"

"न्हाई."

सगळ्यांनी वळून बघितलं. इंद्रायणी विणायची दोरी हातात तशीच घेऊन उभी होती.

"डावीकडंच ऱ्हाईल," ती म्हणाली. "उजवीकडं घेऊन ती गाठ बसत न्हाई. ती एका हाताची गाठ हाय. डाव्या. दुसरा हात लावला की फसते." ती पुढं आली. राधाकिसनला उठवलं, नखानं निरगाठ सोडवली, स्वतः खुर्चीत बसली. उजवा हात मांडीवर ठेवला, मुद्दाम, आणि डाव्या हातानं टोक ओढलं, बोटावर एक वेढा घेतला, वळलेल्या गजात टाकला. बैठक वर आली. लागले असतील चार-पाच क्षण.

 

"आई," प्रांजली म्हणाली. तिनं वही उघडली होती, ती खाली रेघ मारलेली ओळ तिच्यासमोर होती. "आई, ही दोरी तू काढलीस?"

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलं होतं, चारचौघांत, पेन हातात घेऊन. राधाकिसन खाली मान घालून उभा होता, आज तो हसणार नव्हता. इंद्रायणीनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं.

आणि तिचं तिलाच लक्षात आलं. हो म्हणायचं, तर ती गाठ कुणाची?

एवढी वर्षं तिनं मनातल्या मनात ही हकिकत स्वतःला सांगितली होती, ती 'मी दोरी लावली' इथं येऊन थांबायची. त्याच्या पुढचं तिनं कधी म्हटलंच नव्हतं. आपणही कुणाला तरी सोयीनं मुरवून टाकलं, हे तिला आत्ता कळलं. एक मन म्हणालं, जाऊ दे ना, मेलेल्या माणसाला काय करायची ओळ? जिनं जन्मभर बाजवाल्याची पोर म्हणून हिणवलं तिला? आपली एक ओळ, तीही वाटून द्यायची? तिला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. फार वाईट वाटलं.

"दोरी मी ओवली," ती शेवटी म्हणाली. "गाठ आत्याची हाय."

"कोणत्या आत्याची?" शेठ म्हणाले.

"माझ्या सासूची. ह्यांच्या मायची."

राधाकिसननं झटकन मान वर केली. "मायची? माय तर लुळी हुती. तिला बोलताबी येत न्हव्हतं."

"बोलता येत न्हव्हतं. डावा हात चालत हुता." ती खुर्चीतच बसून राहिली, उठली नाही. "मी ताण लावला खरा, पण ताणायचं कुणी? मीच. बैठक सैल पडली की आत्या मला बोलवायची, मी कापूस वेचायला गेलेली आसले तर सांजपस्तोर तशीच रुतून बसायची. मंग एक दिवस बघते तर दोरीशी झटून राह्यली. मी हात लावाया गेले तर फाडकन मारलं हातावर. आठ दिस ती तेच करत हुती. मेंढरामागं हिंडताना कोकरू एका काखंत धरून दुसऱ्या हातानं दावं बांधतात न्हवं, ती गाठ. जल्मभर उजव्या हातानं बांधलेली. ती तिनं डाव्या हातावर बसवली, सोताच्या सोता. नवव्या दिशी माझ्याकडं बघून ओढून दावली. अन् हसली, वाकड्या तोंडानं. मला आयुष्यात एकदाच हसून बघितलं तिनं."

"मला कुणी सांगितलं न्हाई," राधाकिसन म्हणाला.

"तुमी ईचारलं कवा?"

तो पायरीवर बसला. मिलमधून यायचा, आईच्या पायाशी फळं ठेवायचा, कोपऱ्यात बसलेल्या त्या गाठोड्याकडं बघवायचं नाही म्हणून बाहेर जायचा, त्या चार वर्षांबद्दल त्याच्याकडं सांगण्यासारखं एवढंच होतं. आई म्हणजे गेलेलं अंग, असंच त्यानं धरून चाललेलं. ती कोपऱ्यात बसून काही करत असेल हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

"इतका आटापिटा का केला तिनं?" त्यानं विचारलं. "तू हुतीस ना. हाक मारायची."

हे इंद्रायणीनं कधीच सांगितलं नसतं. पण आज तो विचारत होता, आणि आत्ताच ती त्याला विचारलं नाही म्हणून बोलली होती.

"हाक मारता येत न्हव्हती म्हणून," ती म्हणाली. "आत्याची समदी वाचा गेली, एक शबुद राह्यला हुता. पाणी पायजे आसलं तरी त्योच, ऊन लागलं तरी त्योच, बैठक सैल झाली तरी त्योच. किसन. किसन, किसन. मला बोलवायचं आसलं तरी तोंडातून तुमचंच नाव यायचं. अन् तुमी तर जालन्याला. दर येळी तोंडातून निघायचं, अन् निघालं की दाराकडं बघायची, अन् मंग रडायची. ताणाची दोरी घसरून बैठक दिसातून चारदा सैल व्हायची. चारदा ते. म्हणून तिनं गाठ केली. पुना हाक माराया नको."

राधाकिसननं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, साधनासमोर, शेठसमोर, लहान मुलासारखा हुंदके देत रडला. इंद्रायणी उठून त्याच्याजवळ पायरीवर जाऊन बसली.

कल्याणशेठ हळूच म्हणाले, "मी पुन्हा येतो. घाई नाही काही." पण प्रांजलीनं पेन खाली ठेवलं नव्हतं. तिचेही डोळे भरले होते, तिला अक्षरं दिसत नव्हती. रेघ मारलेल्या त्या ओळीवर तिनं काट मारली आणि विचारलं, "आता काय लिहू?"

राधाकिसननं बाहीनं नाक पुसलं.

"आधी मायचं लिही," तो म्हणाला. "गोजरबाई रखमाजी. आसं पुरं लिही. मंग तुझ्या आईचं. माझं... जागा राह्यली तर बघू."